शाम्पूला फेस आणणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन नारळापासून बनतं. मग दीड वर्षाच्या मुलीच्या शाम्पूत ते चालेल ना?

चालेल. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "नारळाचंच आहे, म्हणजे अपाय व्हायचं कारण नाही," आणि त्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले.

सांगलीत माझं छोटं पार्लर आहे. लग्नसराईत दिवसाला बारा-पंधरा हेअरवॉश होतात. चार वर्षांपूर्वी बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली, मग कातडी सोलायला लागली, मग चिरा पडल्या. कणकेतलं मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मलमाने आठ दिवस बरं वाटायचं, की परत तेच. मला वाटलं, सल्फेटमुळे, म्हणजे शाम्पूतल्या कडक फेसाच्या रसायनामुळे होतंय. म्हणून जास्त पैसे घालून सल्फेट-फ्री शाम्पू आणला. हात आणखी बिघडले.

घरातली भांडी मी टाळायला लागले होते. दिवाळीला नणंदबाई आल्या, त्यांनी शाम्पूची बाटली उचलून वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नारळाचंय हे. नारळानं कुणाचे हात फाटतात का? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" सासूबाई गप्प बसल्या, ते मला जास्त लागलं.

शेवटी मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी पॅच टेस्ट केली. सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी परत पाहिलं. एकाच ठिकाणी लाल चट्टा आणि बारीक पुळ्या होत्या. ती जागा कोकामिडोप्रोपिल बीटेनची.

त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. खोबरेलातली स्निग्धाम्लं घ्यायची, त्यांना डायमिथाइलअमिनोप्रोपिलअमाइन जोडायचं, त्यातून अमिडोअमाइन तयार होतं, आणि त्यावर सोडियम मोनोक्लोरोॲसिटेटची क्रिया केली की बीटेन. आधीच्या टप्प्यांतली ही दोन रसायनं अंशभर जरी मालात राहिली, तरी ॲलर्जी बहुतेकदा त्यांचीच असते. नारळ बिचारा त्यात कुठेच नाही. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली या बीटेनलाच 'वर्षाचं ॲलर्जन', म्हणजे ॲलर्जी आणणारा त्या वर्षीचा लक्षवेधी पदार्थ, ठरवलं होतं. सल्फेट काढलं की फेसासाठी बऱ्याचदा हेच जास्त घालतात, म्हणून तो महागडा शाम्पू मला बाधला. आणि हेच भांड्यांच्या लिक्विडमध्ये असतं, हँडवॉशमध्ये असतं. म्हणजे भांडी घासताना माझे हात खरोखरच जळत होते.

'नारळापासून' या शब्दावर माझा आता काडीचा विश्वास नाही. ज्याला सगळे नावं ठेवतात ते सोडियम लॉरिल सल्फेटसुद्धा खोबरेलापासून बनवतात. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, तेच त्याचं मूळ. एकाच तेलातून कडक मालही निघतो आणि सौम्यही. फेसासाठीच वापरतात ते कोको ग्लुकोसाइड घ्या, असं कुणी सुचवेल. तेही चांगलं आहे, पण ते ज्या गटातलं, त्या अल्किल ग्लुकोसाइडांवर २०१७ साली 'वर्षाचं ॲलर्जन' हाच शिक्का बसला. नाव वाचून ठरवू नका, अंगाला काय होतंय ते बघा.

आता तुमच्या मुलीचं. बीटेन मुळात सौम्यच आहे. सल्फेटबरोबर घातलं तर त्याचा कडकपणा कमी करतं, म्हणून तर लहान मुलांच्या शाम्पूत ते असतं. माझ्यासारखी ॲलर्जी थोड्याच लोकांना होते, आणि मी वर्षानुवर्षं दिवसभर त्यात हात घालत होते. तुमची मुलगी आठवड्यातून दोनदा न्हाणार, लगेच धुऊन टाकणार. मात्र पापण्यांवर, कानामागे किंवा मानेवर पुरळ आलं आणि शाम्पू थांबवल्यावर गेलं, तर बाटलीमागची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. आधीपासूनच एक्झिमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, मग बाटली घ्या. आणि घरात कुणी "नारळाचंच तर आहे" म्हणून ते पुरळ उडवून लावलं, तर ऐकून घेऊ नका.

मी आता नायट्राइलचे हातमोजे घालते, आणि अंगाला साबणाऐवजी कोकोइल आयसेथिओनेट या सौम्य रसायनाची वडी लावते. तीही मागचं वाचून, कारण अशा काही वड्यांतही बीटेन असतं. दोन वर्षं झाली, हात फाटलेले नाहीत. पॅच टेस्टचा कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला, नणंदबाई समोर असतानाच.