भारतीय लष्कर १९४७ साली स्थापन झालं का?

नाही, ते त्याहून बरंच जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. १८९५ मध्ये त्या एकत्र करून एकच सैन्य झालं. आपली मराठा लाइट इन्फंट्री तर मूळ १७६८ ची, मुंबईच्या फौजेतली! दुसऱ्या महायुद्धात हेच सैन्य २५ लाखांवर गेलं, तेही सक्तीच्या भरतीशिवाय. १९४७ ला झाली ती वाटणी: पलटणी, तोफा, गाड्या, सगळ्यांची. सरसेनापती मात्र त्यानंतरही इंग्रजच होता. १५ जानेवारी १९४९ रोजी शेवटचे इंग्रज सरसेनापती जनरल बुचर यांच्याकडून पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा यांनी सूत्रं घेतली, म्हणून त्या दिवशी सेना दिन असतो.