पाळण्यातले पाय मोजायचे असतील तर

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. मला माणसं पटकन ओळखता येतात. कोण चिडका, कोण आतल्या गाठीचा, कोण नुसताच बोलघेवडा, हे दोन मिनिटांत कळतं आणि सहसा चुकत नाही. माझ्या ताईला जुळे मुलगे आहेत, आठ महिन्यांचे. दिसायला दोघं अगदी वेगळे आणि स्वभावानेही : एक शांत, दुसरा वादळ. गेले चार महिने मी त्यांच्याबद्दल एका वहीत लिहून ठेवतेय. मला माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करणारी मानसशास्त्रज्ञ व्हायचंय. बाबा म्हणतात, 'स्वभावाला औषध नाही, मग त्याचे डॉक्टर कशाला?' गणितात मी जेमतेम आहे. यात खरंच करिअर होतं का? आणि मी यात पडावं का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे नेहमीचंच. 'मला माणसं ओळखता येतात, म्हणून मानसशास्त्र घेते' असं सांगणारी मुलं माझ्याकडे महिन्याला चार तरी येतात. दुसऱ्या वाचनात मात्र त्या वहीपाशी थांबले.

स्पष्टच सांगते, रागावू नकोस. माणसं दोन मिनिटांत ओळखता येणं ही या कामातली पात्रता नाही, अडचण आहे. 'सहसा चुकत नाही' असं तू लिहितेस. ते तपासलंस कसं? एखाद्याला आपण मनात 'चिडका' म्हटलं की तो चिडलेला दिसतो तेव्हा आपण मान डोलावतो, आणि शांत असतो तेव्हा ते लक्षातही राहत नाही. हे तुझ्या एकटीचं नाही, सगळ्यांचंच असं होतं. आणि यावर उपाय शोधता शोधताच स्वभावाचं शास्त्र उभं राहिलंय.

तुझ्या भाच्यांचंच घे. 'एक शांत, दुसरा वादळ.' जुळ्यांच्या अभ्यासात ही फार ओळखीची गंमत आहे. आईवडिलांना प्रश्नावली भरायला दिली, की न-सारख्या जुळ्या भावंडांचे स्वभाव इतके वेगळे निघतात की सख्ख्या भावंडांत असायला हवं तेवढंही साम्य दिसत नाही. कधी कधी तर अगदी उलटी टोकं. तीच मुलं तिऱ्हाईत निरीक्षकांनी पाहिली, तर एवढी तफावत सापडत नाही. घरातली माणसं दोघांना एकमेकांशेजारी ठेवून तोलत असतात, म्हणून जरा कमी रडणारा 'शांत' होतो आणि जरा जास्त रडणारा 'वादळ'. तुझे भाचे खरंच वेगळे असतीलही. पण तुझी वही नुसती एवढंच म्हणत असेल, तर ती भाच्यांपेक्षा तुझ्याबद्दल जास्त सांगते.

इथे शब्द एकदा नीट लावून घेऊ. रोजच्या बोलण्यात आपण 'स्वभाव' म्हणतो त्यात सगळंच येतं : सवयी, मूल्यं, वळण, हट्ट. शास्त्रात टेंपरामेंट म्हणजे त्यातला अगदी सुरुवातीचा, शरीराशी जोडलेला भाग. बाळ किती चटकन बिथरतं, किती वेळात शांत होतं, नव्या गोष्टीकडे झेपावतं की मागे सरतं, किती हालचाल करतं. त्यावर पुढे अनुभवाचे थर चढतात आणि व्यक्तिमत्त्व तयार होतं. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण सहज बोलून जातो. या क्षेत्रातली माणसं ते पाय खरोखर मोजत बसतात.

हे शब्दशः घे. हार्वर्ड विद्यापीठातले जेरोम केगन (१९२९-२०२१) चार महिन्यांच्या बाळांना एका आसनात ठेवायचे. डोळ्यांसमोर रंगीत खेळणी हलवायची, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवायचे, नाकाशी पातळ अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा धरायचा. मग चित्रफीत बघून बाळाने हातपाय किती झाडले, पाठ ताणली का, रडलं का, हे मोजायचं. चारशेहून अधिक बाळांमध्ये सुमारे २० टक्के बाळं जोरात हातपाय झाडत रडणारी निघाली, तर सुमारे ४० टक्के बाळं निवांत राहिली. पहिल्या गटातली बाळं दुसऱ्या वर्षात अनोळखी माणसाला, नव्या वस्तूला जास्त घाबरत होती.

आता यातली खाच बघ. त्या पहिल्या गटातली फार थोडी मुलं पुढे बेधडक झाली, पण सगळी भित्री राहिली असंही नाही. म्हणजे 'हे बाळ पुढे काय होणार' हे पाळण्यावरून सांगता येत नाही. 'काय होण्याची शक्यता कमी' एवढं थोडंफार सांगता येतं. शिवाय ही बाळं बहुतांश गोऱ्या, मध्यमवर्गीय अमेरिकी घरांतली होती. जगभरच्या बाळांना तेच आकडे लागू होतील असं धरता येत नाही. हे सगळं ज्याला नीरस वाटतं, त्याने ज्योतिषाकडे वळावं. तिथे उत्तरं लगेच मिळतात.

केगन यांचीच आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्याआधी कितीतरी वर्षं, १९६२ साली, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर बाळपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलेल्या माणसांचा अभ्यास मांडला होता. बुजरेपणा काही मुलांमध्ये पुढेही टिकतो, हे त्या माहितीत दिसत होतं. पण तेव्हा ते स्वतः 'सगळं संगोपनावर अवलंबून असतं' या मताचे होते, म्हणून त्यांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. पुढे हे त्यांनीच कबूल केलं. समोर पडलेली गोष्ट आपल्या मतात बसत नाही म्हणून दिसत नाही, हे एवढ्या मोठ्या संशोधकाचंही होतं. तुझ्या दोन मिनिटांचं काय घेऊन बसलीस!

रोजचं काम कसं असतं, ते ऐक. शिकत असताना मी काही महिने बाळांच्या चित्रफिती 'कोड' करायचं काम केलं. दहा सेकंद बघायची, थांबवायची, तक्त्यातल्या चौकटीत आकडा टाकायचा, पुन्हा दहा सेकंद. दोघीजणी वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकींचा तक्ता न बघता. एका बाळाच्या बाबतीत माझे आकडे दुसरीपेक्षा सारखे वर जात होते. शेवटी आमच्या प्रमुखांनी आवाज बंद करून तीच फीत मला पुन्हा बघायला लावली. तेव्हा कळलं की बाळाच्या आईचा घाबरा आवाज ऐकून मी बाळाच्या साध्या हात हलवण्यालाही 'त्रास' म्हणत होते. त्या दिवशी अकरा मिनिटांची फीत संपवायला मला अख्खी दुपार लागली. हे काम असं चालतं.

प्रश्नावल्यांचंही तसंच. ओरेगॉन विद्यापीठाच्या मेरी रॉथबार्ट यांनी १९८१ साली तान्ह्या बाळांसाठी एक प्रश्नावली मांडली. त्यात आईला 'तुमचं बाळ चिडकं आहे का?' असं विचारत नाहीत. गेल्या आठवड्यात अमुक प्रसंगी बाळाने तमुक किती वेळा केलं, असं विचारतात. कपडे घालताना किती वेळा रडलं, आंघोळीच्या वेळी किती वेळा हातपाय मारले. आणि तसा प्रसंगच आला नसेल तर त्यासाठी वेगळी चौकट. 'चिडका' हा शब्द आईच्या तोंडून येऊच नये, अशी व्यवस्था. तुझ्या वहीत असे शब्द किती आहेत, ते मोजून बघ.

आता गणित. जेमतेम गणितावर या क्षेत्रात पाऊल टाकता येतं, पण जेमतेमच ठेवून टिकता येत नाही. भूमिती आणि कलनशास्त्र फारसं लागत नाही. संख्याशास्त्र मात्र रोज लागतं, आणि तेही शेपूट म्हणून नव्हे. एक उदाहरण देते. तू आणि ताई, दोघींनी एका बाळाच्या हालचालीच्या १०० चौकटी भरल्या. बाळ बहुतेक वेळ स्वस्थच, म्हणून दोघींनीही १० चौकटींत 'हालचाल' आणि ९० चौकटींत 'काही नाही' लिहिलं. ८२ चौकटी जुळल्या. झकास वाटतं ना? पण दोघींनी डोळे मिटून १० फुल्या कुठेही मारल्या असत्या, तरी सरासरी ८२ चौकटी जुळल्याच असत्या. म्हणजे तुमचं एकमत शून्य! हा योगायोग वजा करून खरं एकमत किती, ते सांगणारा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडला. त्याला 'कप्पा' म्हणतात. हा हिशेब वाचताना डोकं दुखलं की डोळे चमकले, ते मला नाही, स्वतःला सांग. चमकले असतील, तर गणिताची फार काळजी करू नकोस. तुला कारण नसलेलं गणित आवडत नव्हतं, एवढंच.

बाबांच्या म्हणीला उत्तर द्यायला हवं, कारण ती अर्धी खरी आहे. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १३३ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मोठी होईपर्यंत चालवला. तेव्हा मुलाचं काहीही बिघडलं की दोष आईच्या माथी मारायची पद्धत होती, आणि ती त्यांना पटत नव्हती. सुमारे ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू खुलणारी, अशी त्यांची वर्गवारी पाठ्यपुस्तकात असते. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच खणात बसली नाहीत. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण मला ती ३५ टक्केच जास्त महत्त्वाची वाटतात. या जोडप्याचं म्हणणं असं, की अवघड स्वभाव हाच दोष नसतो. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं.

मग औषधाचं काय? ऑस्ट्रेलियात रोनाल्ड रॅपी आणि सहकाऱ्यांनी खूप बुजऱ्या अशा १४६ लहान मुलांपैकी काहींच्या पालकांना सहा बैठकांचं प्रशिक्षण दिलं. मुलाला सारखं पाठीशी घालायचं नाही, थोडं थोडं पुढे जाऊ द्यायचं, अशा धाटणीचं. २००५ साली निष्कर्ष आले. वर्षभराने या मुलांमध्ये चिंतेचे आजार इतरांपेक्षा कमी झालेले होते, पण मुलांच्या बुजरेपणात मात्र दखल घेण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे बाबांची म्हण त्या प्रयोगात खरी ठरली, आणि तरीही मुलांचं भलं झालं. बाबांना एवढंच वाचून दाखव, वाद घालू नकोस.

करिअर म्हणशील तर रस्ता लांब आहे. मानसशास्त्राची पदवी तीन-चार वर्षं, पदव्युत्तर दोन वर्षं, त्यापुढे पीएचडी चार ते सहा वर्षं, आणि नंतरही बरेचजण काही वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर काढतात. निव्वळ स्वभावावर संशोधन करणाऱ्या कायम जागा थोड्या आहेत आणि त्यासाठी चढाओढ मोठी. 'स्वभावतज्ज्ञ हवा' अशी जाहिरात तुला सहसा दिसणार नाही. जाहिरात बालविकासाच्या, मेंदूविज्ञानाच्या किंवा व्यक्तिमत्त्व-मानसशास्त्राच्या विभागाची असते. तुला लोकांवर उपचारही करायचे असतील, तर चिकित्सा मानसशास्त्राचं वेगळं प्रशिक्षण आणि बहुतेक देशांत परवाना लागतो. थॉमस-चेस यांच्यासारखं वैद्यकशास्त्रातून येण्याचा मार्गही आहे, पण त्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागतं. पीएचडीपर्यंत न जाता संशोधन सहायक, शाळेतलं समुपदेशन, चाचण्या तयार करण्याचं काम, माहितीचं विश्लेषण, इथेही हे शिक्षण वाया जात नाही.

चाचण्यांवरून आठवलं. नोकरीच्या बाजारात माणसांना चार अक्षरांचे शिक्के देणाऱ्या चाचण्या जोरात चालतात. मायर्स-ब्रिग्ज ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा गट बदलतो. पैसा तिकडे आहे, हे मी लपवणार नाही. तिकडे जायचं असेल तर जा, पण मग मला वही दाखवू नकोस.

चिकाटी म्हणजे काय, याचा अंदाज हवा असेल तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराचं उदाहरण आहे. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. तीन वर्षांची असताना त्यांचं वागणं नोंदवलं गेलं, आणि मोठेपणी त्यांच्या स्वभावात त्याचे धागे सापडले. ठळक नव्हे, पण सापडले. ती माणसं आता पन्नाशी ओलांडलेली आहेत, जगभर पांगलेली आहेत, आणि दर काही वर्षांनी त्यांना तपासणीसाठी विमानाने परत आणतात. हयात असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक येतात. यामागे पत्ते शोधणारी, फोन करणारी, वाढदिवस लक्षात ठेवणारी माणसं आहेत. ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्या हातून काम पुढच्या पिढीकडे गेलंय. असं काम तुला चालेल का, हे सतराव्या वर्षी नक्की सांगता येणार नाही. पण थोडं करून बघता येईल.

तर वहीचं नवीन पान काढ. दोन्ही भाच्यांसाठी वेगळी पानं, एकाचं भरताना दुसऱ्याचं मिटलेलं. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, दर मिनिटाला एक ओळ : हात हलले का, आवाज काढला का, नवी वस्तू समोर ठेवल्यावर हात पुढे गेला की मागे. 'शांत', 'वादळ', 'हट्टी' हे शब्द महिनाभर बंद. आठवड्यातून दोनदा ताईलाही त्याच दहा मिनिटांचं पान स्वतंत्रपणे भरायला सांग. ती दमलेली असेल, तेव्हा गळ घालू नकोस. महिन्याने दोघींची पानं शेजारी ठेवून वर सांगितलेला हिशेब कर, आणि सगळं मला पाठव. जी पानं जुळली नाहीत, ती वरती ठेव.