आजीने मित्राला दिलेला कागदी कप

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाचा जिवलग मित्र कृष्णवर्णीय आहे. तो घरी आला तेव्हा भारतातून आलेल्या सासूबाईंनी बाकीच्या मुलांना स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं आणि त्याला कागदी कपातून. वर मराठीत म्हणाल्या, "असली मुलं घरात कशाला आणता?" रात्री मुलाने विचारलं, "आजी रेसिस्ट आहे का?" नवरा म्हणतो, दोन महिन्यांत आई परत जाईल, विषय वाढवू नकोस.

ताई, विषय वाढवा. सासूबाई जातील, पण आईबाबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, हे मुलाच्या मनात राहील.

त्याने सरळ विचारलंय, तर उत्तरही सरळ द्या. आजीने केलं तो वर्णद्वेषच होता, आणि आजीचा तुझ्यावर जीव आहे हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात, हे त्या वयाच्या मुलाला समजतं. 'आजी जुन्या वळणाची आहे' असं म्हणून पांघरूण घालू नका. मग त्याला सांगा, आपण या देशात कसे आलो. 1946 च्या कायद्याने भारतातून वर्षाला जेमतेम 100 जणांना इथे स्थायिक होता येत होतं. दार उघडलं ते 1965 मध्ये. कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन 1964 चा नागरी हक्कांचा आणि 1965 चा मतदानाचा कायदा मिळवला. त्याच वातावरणात देश बघून माणसं घेण्याची जुनी पद्धतही मोडीत निघाली.

सासूबाईंशी मात्र नवऱ्यानेच बोलावं. तुम्ही बोललात तर ते सासू-सुनेचं भांडण होईल आणि तो मुलगा बाजूला राहील. चारचौघांत नको, एकट्या असताना. "आई, त्याला वेगळा कप का दिलास?" एवढंच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बहुधा स्वच्छतेचं कारण येईल. पण वेगळं भांडं ठेवायची रीत त्या अमेरिकेत शिकलेल्या नाहीत. गावाकडे कुणाची कपबशी वळचणीला खोचून ठेवलेली असायची आणि ती कुणी विसळायची, हे त्यांना विचारा. इथेच बोलणं अवघड होईल. तरी इथेच थांबू नका.

वर्णद्वेष अमेरिकेचा आणि जात आपली, असं वेगळं काढता येत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब 1913 मध्ये तुमच्या शेजारच्याच न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. पुढे 1946 मध्ये त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अस्पृश्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीत किती साम्य आहे ते कळवलं. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स मुलाला शाळेत शिकवतील. फुले-आंबेडकर तुम्हालाच सांगावे लागतील.

सासूबाईंना तुमच्याच राज्यातली एक गोष्टही सांगा. 1987 मध्ये जर्सी सिटीत एक टोळी भारतीयांवर हल्ले करत होती आणि तिने आपलं नाव ठेवलं होतं ते बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला बेदम मारलं, त्यात तो गेला. रोज कुंकू लावणाऱ्या बाईला हे ऐकून धक्का बसेल. बसू दे.

एवढं करूनही त्यांना पटलं नाही, तर वाद घालत बसू नका. मत बदलायला वेळ लागतो. पण तुमच्या घरात कुणाला कशातून पाणी द्यायचं, हे आजपासून तुम्ही ठरवायचं.

आता तो मित्र. त्याला मराठी कळलं नसेल, कप मात्र दिसला असणार. त्याच्या आईला फोन करा, घडलं ते सांगा, माफी मागा. थोडक्यात, रडारड न करता, नाहीतर तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागेल. ती म्हणाली की सध्या मुलाला पाठवणार नाही, तर तो तिचा अधिकार आहे. तुमच्या मुलाला वाईट वाटेल, तेव्हा खरं कारण त्याला सांगा.