गिझरचा दिवा लागतो, पण पाणी कोमटच येतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटपतंही. कॉइल बदलू का?

एवढ्यात नको. तुमचा गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा. अर्धा तास चालू ठेवूनही पाणी कोमट, आणि इलेक्ट्रिशियनने तो न उघडताच 'कॉइल गेली' म्हणून सांगितलं. अहो, कॉइल गेली की पाणी कोमट नाही, थंडगार येतं!

मुलुंडला आमच्याकडे हेच झालं होतं. आधी कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो तो), पाणी होतं तसंच. शेवटी बिल्डिंगच्या जुन्या प्लंबरने गिझरला हातही न लावता त्याच्या थंड पाण्याच्या पाइपावरचा अँगल कॉक बंद केला आणि बेसिनचा गरम नळ सोडला. टाकीत पाणी शिरत नाही म्हटल्यावर नळाची धार थांबायला हवी. ती चालूच! शॉवरच्या मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे होते आणि हँड शॉवर नुसता त्याच्या बटणाने बंद. थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत घुसत होतं. नॉब बंद केले, धार थांबली. दोन दुरुस्त्यांचे पैसे गेले ते गेलेच. तुम्हीही गिझरचा स्विच बंद करून आधी हे करून बघा. नॉब बंद असूनही धार थांबली नाही तर मिक्सरचं आतलं काम प्लंबरकडून करून घ्या.

धार थांबली, तर अँगल कॉक पुन्हा उघडा, गिझर चालू करा आणि घड्याळ लावा. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर जायला 18-20 मिनिटं लागतात. हीटिंगचा दिवा पाच-सात मिनिटांतच विझत असेल तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय. आधी त्याचं बटण कमीवर नाही ना ते पाहा. वेळ फार लागतोय आणि आतून तडतड ऐकू येतेय, तर कॉइलवर क्षार चढलेत. मुंबईला येणाऱ्या तानसा-भातसा धरणांच्या पाण्याने सहसा एवढे चढत नाहीत, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर कॉइल काढून साफ करून घ्या.

इएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. करंट गळतोय, आणि तेव्हा संशय कॉइलवरच घ्यायचा. तपासून होईपर्यंत गिझर लावू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटपतं म्हणालात, ते गरम होतानाच होत असेल तर चालायचंच, पाणी तापलं की फुगतं. दिवसभर गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. आमच्या शेजाऱ्यांनी तिथे बूच ठोकलं होतं, तसलं काही करू नका. टाकीतला दाब बाहेर पडायला तीच वाट आहे.