स्लाइडचा ग्रेन आधी पाहा

प्रश्न : वडिलांनी १९७२ ते १९८८ या काळात काढलेल्या जवळपास अकराशे स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मवरचे फोटो, माझ्याकडे आहेत. त्यासाठी मी ४००० डीपीआयचा (एका इंचात ४००० ठिपके टिपणारा), आधी कुणीतरी वापरलेला फिल्म स्कॅनर घेतला. साठ स्लाइड झाल्या, पण एकही स्कॅन मनासारखा शार्प नाही. काहींमध्ये मधला चेहरा बरा दिसतो, कडा मात्र धूसर. शार्पनिंग वाढवलं की केसांभोवती पांढरी रेघ उमटते. त्याच स्लाइड प्रोजेक्टरवर लख्ख दिसतात. स्कॅनर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी एक स्कॅन शंभर टक्के मोठा करून बघा, पण चेहऱ्याकडे पाहू नका. आकाश, भिंत असा सपाट भाग शोधा आणि तिथे ग्रेन, म्हणजे फिल्मचा बारीक दाणा, दिसतो का ते पाहा. ग्रेन फिल्मच्या थरातच असतो. फोटो काढताना हात हलला असो वा कॅमेऱ्याचा फोकस चुकला असो, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून ग्रेन टोकदार आणि चित्र अस्पष्ट असेल, तर स्कॅनरने त्याचं काम केलंय. चूक फोटो काढतानाच झाली आहे. ग्रेनच विरघळल्यासारखा दिसला, तर फोकस स्कॅनरचा चुकलाय. मध्यभाग आणि चारही कोपरे असं पाच ठिकाणी बघा. कमी आयएसओच्या (उजेडाला कमी संवेदनशील), बारीक ग्रेनच्या फिल्मवर तो सहज सापडत नाही. तिथे इमल्शनच्या, म्हणजे ज्या थरात चित्र असतं त्या बाजूचा एखादा ओरखडा शोधा.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, स्लाइडला बाक आला आहे. इमल्शनचा जिलेटिनचा थर फिल्मच्या एकाच बाजूला असतो. हवेतल्या दमटपणाने तो फुगतो, कोरडेपणाने आक्रसतो आणि फिल्मला वाकवतो. पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चौकट, तिला फक्त कडेने धरतो. ४००० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे फिल्मवरचे जेमतेम ६.३५ मायक्रॉन. इतक्या जवळून पाहणाऱ्या भिंगाची फोकसची खोली फारच कमी असते, त्यामुळे मिलिमीटरच्या अंशाइतका बाकही त्याला सोसत नाही. प्रोजेक्टरचं निराळं. त्याचं चित्र आपण लांबून बघतो. शिवाय काही प्रोजेक्टर-भिंगं अशा फुगलेल्या स्लाइडचा विचार करूनच बनवलेली असायची. म्हणजे प्रोजेक्टर तुम्हाला फसवत नाही. तुमच्या स्लाइड चांगल्याच आहेत.

आता उपाय. ऑटोफोकसचा बिंदू बहुतेक वेळा मधोमध असतो, आणि बाकाचा उंचवटाही नेमका तिथेच. म्हणून मध्य शार्प आणि कडा मऊ. सॉफ्टवेअरमध्ये हा बिंदू सरकवता येत असेल, तर तो मध्य आणि कड यांच्या साधारण मधोमध न्या. चूक दोन्हीकडे वाटली जाते आणि बहुतेक स्लाइडचं काम भागतं. बिंदू ठेवाल तिथे उजेड-अंधाराची स्पष्ट रेषा हवी. कोऱ्या आकाशावर किंवा गडद सावलीवर ऑटोफोकस चाचपडत राहतो. स्लाइड घातल्या घातल्या स्कॅन करू नका. दोन-चार मिनिटं आत राहू द्या, म्हणजे तिचा बाक स्थिरावतो, आणि मगच फोकस घ्या.

एवढ्यानेही भागलं नाही तर माउंट बदला. माझ्या आईने काढलेल्या साडेचारशे स्लाइडपैकी सत्तावीस मी पुठ्ठ्यातून सोडवून काचेच्या माउंटमध्ये बसवल्या. ज्यांचे मोठे प्रिंट काढायचे होते, तेवढ्याच. काच फिल्मला सपाट धरते, पण साफ ठेवायचे चार पृष्ठभाग वाढवते. साधी काच फिल्मला टेकली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून अँटी-न्यूटन, म्हणजे ही वलयं टाळणारी, काच घ्या. पुठ्ठा फेकण्याआधी त्यावरची तारीख आणि हस्ताक्षर मात्र जपा. आईने एका माउंटवर ‘पहिला पाऊस’ एवढंच लिहिलं होतं. ते नसतं तर ती स्लाइड मला ओळखताच आली नसती.

स्कॅनर आधी वापरलेला आहे, म्हणून एक गोष्ट जरूर तपासा. गडद खोलीतल्या उजळ खिडकीसारख्या चित्रात उजेड काळ्या भागावर सांडल्यासारखा दिसतो का? माझ्या स्कॅनरमध्ये तसंच व्हायचं. तीन आठवडे मी फोकसच्या मागे होते आणि दोष निघाला आतल्या आरशावर जमलेल्या धुळीच्या पातळ पापुद्र्याचा. या आरशाचा चकाकता थर वरच्या बाजूला असतो, एका पुसण्यानेही कायमचा ओरखडा पडतो. हवेच्या फुग्याने धूळ उडवा. त्याने भागलं नाही तर जाणकाराकडे द्या.

शार्पनिंग शेवटी, आकार ठरल्यावर, बेताचंच. मूळ स्कॅनमध्ये ते बंद ठेवा, नाहीतर ग्रेनची परीक्षाच खोटी ठरते.

प्रश्न : धूळ काढण्याचा पर्याय सुरू केला की काही स्लाइडमधल्या झाडांच्या फांद्या पुसट, चिकटल्यासारख्या होतात. सगळ्यांमध्ये नाही.

उत्तर : त्या स्लाइड कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवरच्या, असण्याची दाट शक्यता आहे. हा पर्याय इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, उजेडाने धूळ ओळखतो. बहुतेक रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे तेवढे अडवतात. कोडाक्रोमच्या गडद भागातून तो नीट पार होत नाही, मग सॉफ्टवेअर खऱ्या फांदीलाच धूळ समजून भरून काढतं. चांदीच्या कृष्णधवल फिल्मचंही तेच. स्लाइड उजेडात तिरकी धरा; इमल्शनच्या बाजूला चित्राचा उठाव दिसला तर कोडाक्रोम ओळखता येते. तिथे हा पर्याय बंद करा, ब्रशने आणि हवेने धूळ झटका आणि उरलेले ठिपके हाताने काढा. वेळ जातो, पण फांद्या वाचतात.

प्रश्न : माझ्या स्कॅनरला फोकस बदलायची सोयच नाही. पुठ्ठ्याच्या स्लाइड छान येतात, प्लॅस्टिकच्या जाड माउंटमधल्या धूसर.

उत्तर : माउंटची जाडी बदलली की फिल्मची उंची बदलते आणि ती ठरलेल्या फोकसच्या पातळीतून सरकते. तीच स्लाइड पालथी घालून स्कॅन करा आणि चित्र सॉफ्टवेअरमध्ये उलटवून घ्या. ग्रेन सुधारला तर सगळ्या जाड माउंटना तीच बाजू. नाही सुधारला, तर फिल्म काढून पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या माउंटमध्ये बसवा.