लोकांच्या स्वप्नांत शिरणाऱ्या डॉक्टरांची १९९०च्या दशकातली अमेरिकन मालिका कोणती? नायकाची बायको कोमात असते आणि त्याच्या टीममध्ये तरुणपणीची अभिनेत्री नेओमी वॉट्स आहे. ती इतक्या लवकर का बंद पडली, असं स्वप्नात शिरणं विज्ञानाच्या दृष्टीने शक्य आहे का, आणि ती आज शोधून पाहण्यासारखी आहे का?

तुम्ही म्हणताय ती मालिका 'स्लीपवॉकर्स'. नायकाची बायको कोमात आणि त्याच्या टीममध्ये तरुण नेओमी वॉट्स, या तुम्ही दिलेल्या दोन खुणा पुरेशा आहेत. नुसतं नाव टाकून शोधलंत तर १९९२चा त्याच नावाचा भयपट पुढ्यात येईल. त्यात मांजरांना घाबरणारे मायलेक आहेत, आपल्या मालिकेशी त्याचा काही संबंध नाही. सोबत नायकाचं काम करणाऱ्या ब्रूस ग्रीनवुडचं नाव जोडा.

ही मालिका एनबीसी या अमेरिकन चॅनलवर १ नोव्हेंबर १९९७ला, शनिवारी रात्री ९ वाजता सुरू झाली. नऊ भाग तयार होते. दोन दाखवले आणि एनबीसीने ती काढून टाकली.

कथा थोडक्यात अशी: डॉ. नेथन ब्रॅडफर्ड (ग्रीनवुड) मॉर्फियस इन्स्टिट्यूटमध्ये झोपेवर संशोधन करतो. रुग्णाला यंत्राला जोडायचं, टीममधल्या लोकांनीही झोपायचं आणि सगळ्यांनी मिळून त्या रुग्णाच्या स्वप्नात उतरायचं, ही तिथली उपचाराची पद्धत. रुग्णाला जो त्रास आहे त्याचं मूळ स्वप्नात सापडणार, हे गृहीतच. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीवर अख्खी प्रयोगशाळा उभी केली आहे म्हणा ना! नेओमी वॉट्स, जेफ्री सॅम्स आणि 'ईआर' या हॉस्पिटलच्या मालिकेतल्या रिसेप्शनवरच्या जेरीमुळे ओळखीचा झालेला एब्रहम बेनरुबी हे टीममधले बाकीचे चेहरे. ब्रॅडफर्डची बायको गेल कोमात आहे आणि तिला भेटायचं तर स्वप्नातच, हा सगळ्या भागांतून जाणारा धागा.

आता बंद का पडली. प्रेक्षक मिळाले नाहीत हे खरं, पण ते मिळावेत अशी सोयच नव्हती. त्या काळात एनबीसी शनिवारी रात्री तीन थरारक मालिका ओळीने दाखवायची आणि त्या तिघींना मिळून 'थ्रिलॉजी' म्हणायची. 'द प्रिटेंडर' आणि 'प्रोफायलर' या त्यातल्या दोन टिकल्या, पुढे २०००पर्यंत चालल्या. तिसरी होती 'डार्क स्काइज', परग्रहवासीयांची. ती एका सीझनमध्ये आटोपली आणि रिकाम्या जागी 'स्लीपवॉकर्स' आली. शनिवारची रात्र ही अमेरिकन टीव्हीवर तेव्हाही पडती बाजू होती, कारण ज्या वयाच्या प्रेक्षकांसाठी जाहिरातदार पैसे मोजतात तो प्रेक्षक त्या रात्री घरात नसतो. एनबीसीची श्रीमंती गुरुवारी होती: 'फ्रेंड्स', 'साइनफेल्ड', 'ईआर'. शनिवारी ९ वाजता समोर सीबीएसवर 'अर्ली एडिशन' होती. तिच्या नायकाच्या दारात रोज उद्याचं वर्तमानपत्र पडायचं. म्हणजे ज्याला थोडं अद्भुत हवं होतं त्याची सोय शेजारच्या चॅनलवर आधीच झालेली, तीही हलक्याफुलक्या, घरच्यांसोबत बघता येईल अशा रूपात.

त्यात सुरुवात नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबर हा 'स्वीप्स'चा महिना. या काळात नील्सन ही कंपनी गावोगावच्या स्टेशनांचे प्रेक्षक मोजते आणि त्यावरून स्थानिक जाहिरातींचे दर ठरतात. नव्या मालिकेला ओळख पटवायला वेळ द्यावा असा हा महिना नव्हे. आकडे पडले की तिथे लगेच दुसरं काहीतरी लावायचं. गूढ, अद्भुत मालिकांचे हे सगळे उद्योग 'एक्स-फाइल्स'ने सुरू करून दिले, पण तीही १९९३मध्ये शुक्रवार रात्रीच्या तितक्याच पडीक वेळेत आली होती आणि पहिल्या वर्षी तिचे आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते. फॉक्सने ती राहू दिली. इतर चॅनलांनी 'एक्स-फाइल्स'ची नक्कल करताना अंधार, टॉर्च आणि कुजबुज उचलली, थांबायची तयारी तेवढी उचलली नाही.

पण सगळा दोष वेळापत्रकावर ढकलून मी मोकळा होणार नाही. मी हे भाग फार नंतर, टेपवरून उतरवलेल्या अंधुक प्रतीत पाहिले, आणि मला ही मालिका तिच्या साच्यात अडकलेली वाटली. दर आठवड्याला नवा रुग्ण, त्याचं नवं भयस्वप्न, चिन्हांचा अर्थ लावायचा, मूळ सापडलं की रुग्ण सुटला. ही डिटेक्टिव्ह मालिकाच झाली, फक्त प्रेताच्या जागी स्वप्न. आणि डिटेक्टिव्ह कथेला नियम लागतात. स्वप्नात भिंत वितळू शकते, मेलेला माणूस येऊन चहा मागू शकतो. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशाचीच भीती वाटत नाही, आणि चिन्हाचा अर्थ पात्र सांगेल तो, आपण घरबसल्या तर्क करायला जागाच नाही.

क्रिस्टोफर नोलनच्या 'इन्सेप्शन'ने (२०१०) नेमकं हे ओळखलं होतं. बाहेरची पाच मिनिटं म्हणजे आत एक तास, आत मेलास तर एरवी जाग येते पण गुंगीचं औषध जड असेल तर थेट 'लिंबो'त, म्हणजे स्वप्नाच्या अगदी तळाशी, अडकशील, जागं करायला बाहेरून धक्का हवा. हे नियम आधी सांगितले म्हणून पुढचा तासभर आपण श्वास रोखून हिशोब करत बसतो. स्वप्नांतल्या दृश्यांचं कौतुक खूप झालं, माझ्या मते सिनेमा तोलून धरला तो या हिशोबाने.

'स्लीपवॉकर्स'कडे असा एक भक्कम नियम होता, तो म्हणजे गेल. बायको भेटते, बोलते, पण उठत नाही. नवऱ्याला रोज रात्री तिच्याकडे जाता येतं आणि म्हणूनच तिला सोडता येत नाही. इथे स्वप्नाची किंमत मोजावी लागते. हीच मुख्य गोष्ट ठेवून आठवड्याचे रुग्ण बाजूला सारले असते तर मला ही मालिका आज हळहळत नव्हे, हक्काने सुचवता आली असती. १९९७च्या नेटवर्क टीव्हीला ते परवडणारं नव्हतं. प्रेक्षकाने कुठलाही भाग मध्येच लावला तरी कळला पाहिजे, हा तेव्हाचा दंडक.

लिहिणारे काही हलके नव्हते. निर्माते डेव्हिड गॉयर आणि स्टीफन गॅगन. गॉयर पुढे नोलनसोबत 'बॅटमन बिगिन्स'च्या (२००५) पटकथेवर होता, गॅगनला 'ट्रॅफिक'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. आता लगेच 'इन्सेप्शन'मधली नायकाची हरवलेली बायको इथूनच आली असं समजू नका, असला धागा जोडायला काहीही आधार नाही. नेओमी वॉट्सची गंमत वेगळी. १९९९मध्ये तिने डेव्हिड लिंचच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये काम केलं. तो मुळात टीव्ही मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्यादाखल केलेला पहिला भाग होता आणि एबीसी चॅनलने नाकारला. लिंचने आणखी चित्रीकरण करून त्याचा सिनेमा केला, २००१मध्ये आला, आणि अर्धं जग आजही त्यातलं स्वप्न कुठे संपतं यावर भांडतंय. वॉट्सचं नाव झालं ते तिथून.

विज्ञानाचं विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या स्वप्नात उतरणं शक्य नाही. पण झोपलेल्या माणसाशी बोलणं थोडंफार जमलं आहे. आपण स्वप्नात आहोत हे ज्यांना स्वप्नातच कळतं, ते ठरवून डोळे डावी-उजवीकडे फिरवून बाहेर खूण देऊ शकतात. इंग्लंडमध्ये कीथ हर्नने १९७५मध्ये हे प्रथम नोंदवलं. २०२१मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी ३६ जणांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यात एका झोपलेल्या माणसाला 'आठ वजा सहा' विचारलं आणि त्याने डोळ्यांनी 'दोन' असं उत्तर दिलं.

पाहावी का? वॉट्ससाठी आणि नव्वदीतल्या टीव्हीच्या कुतूहलापोटी पहिले दोन-तीन भाग पाहा, गेलचे प्रसंग लक्ष देऊन पाहा. पुरी कथा हवी असेल तर नादी लागू नका, नऊ भागांत ती कुठेच पोचत नाही. त्याऐवजी 'फॉलिंग वॉटर' (२०१६-१८) बघा. एकमेकांना न ओळखणारे तिघे एकाच स्वप्नाचे तुकडे पाहतायत, असा तिचा विषय आहे. साच्याचा प्रश्न तिथे नाही, उलट ती इतकी संथ आहे की तिसऱ्या-चौथ्या भागात तुम्हालाच झोप लागू शकते. तीही दोन सीझनमध्ये संपली.