हक्क कोणाचा, अधिकार कोणाचा

एका ताईनं विचारलं आहे. त्यांच्या गावात त्यांचं छोटंसं मंडळ आहे, रजिस्टर केलेलं, समाजमंदिराच्या एका खोलीत पोरापोरींसाठी अभ्यासिका चालवतात. त्यांनी पेपरात वाचलं की 'संस्थांना विदेशी देणगी घेण्याचा अधिकार नाही, नियंत्रणाचा अधिकार सरकारला आहे', आणि त्या म्हणतात की दोन्हीकडं अधिकारच लिहिलं आहे, मंग हक्क हा शब्द गेला कुठं, दोन्ही एकच आहेत का, आणि आता खोली खाली करा अशी नोटीस आली आहे तर निवेदनात आम्ही कोणता शब्द टाकायचा.

ताई, एकच नाहीत. आणि सरकार विरुद्ध संस्था हे कोर्टातलं भांडण समजून घ्यायचं असेल तर आधी हे दोन शब्द वेगळे करून ठेवा, नाहीतर कोण कोणाशी कशापायी भांडून राहिलं तेच कळत नाही.

वावरातलंच घ्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बंडी न्यायची वाट तुमच्या आजोबापासून चालू आहे आणि शेजाऱ्यानं यंदा काट्या टाकून ती बंद केली. वहिवाटीचा हक्क तुमचा. ती वाट मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदाराचा, मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ नं त्याला दिलेला. तहसीलदाराची बदली झाली की तो अधिकार काही त्याच्या ट्रंकेत भरून सोबत जात नाही, खुर्चीवरच राहतो, नवा येईल त्याला मिळतो. तुमचा हक्क मात्र कोणाच्या बदलीनं हलत नाही. म्हणून तर ज्याच्याजवळ हक्क तो हक्कदार आणि ज्याच्याजवळ अधिकार तो अधिकारी. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम झालं. क्रियापदं पण पाहा, अधिकार सोपवतात, वापरतात, काढून घेतात, हक्क मात्र सांगतात, बजावतात, नाहीतर सोडतात, बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, अधिकारसोड कोणी लिहून घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मुळातच दोघांची घरं वेगळी. हक्क अरबीतून फारसीमार्गे आला, तिकडं त्याचा अर्थ खरं, न्याय्य, ज्याचं त्याला देणं असा, आणि जुन्या मराठी कागदात वतनदारांचे 'हक्क-लाजिमे' येतात ते म्हणजे ठरलेला वाटा, मागून घ्यायची वस्तू. म्हणून आजही आपण 'हक्काचा माणूस' म्हणतो, ज्याच्याकडं न लाजता मागता येतं तो. अधिकार संस्कृत, अधि म्हणजे वर आणि कृ म्हणजे करणे, कोणाला तरी एखाद्या कामावर नेमणं, वरची जागा देणं. त्यातूनच लायकीचा अर्थ आला, 'गाण्यातला त्यांचा अधिकार मोठा आहे' असं म्हणतो तो. म्हणजे एक शब्द मागणाऱ्याच्या तोंडचा आहे आणि दुसरा नेमणाऱ्याच्या.

आता गडबड कुठं होते तं कागदावर. तुमच्या सातबाऱ्याच्या डोक्यावर काय लिहिलेलं असते, 'अधिकार अभिलेख पत्रक'. खाली रकाना असतो 'इतर अधिकार'. अन् ते असतात सगळे हक्कच, कुळाचे, बोजाचे. माहितीचा अधिकार तसाच, आहे हक्क पण नाव अधिकार, हिंदीतलं 'सूचना का अधिकार' कानावर पडून पडून ते पक्कं झालं असावं असं मला वाटते. पण राज्याच्या २०१५ च्या कायद्याचं नाव 'लोकसेवा हक्क अधिनियम', २००६ च्या कायद्याला सगळे 'वनहक्क कायदा'च म्हणतात, आणि संविधानाच्या मराठी प्रतीत भाग तीनचं नाव 'मूलभूत हक्क' असंच आहे. म्हणजे मराठीनं जिथं मनापासून शब्द निवडला तिथं हक्कच निवडला. माहितीचा अधिकार आता रुळला, तो मी बदला म्हणणार नाही, पण नवीन लिहिताना तरी सांभाळावं.

न सांभाळलं तर काय होते ते मी पाहिलं आहे. आमच्याच एका मंडळात ठराव लिहिताना कोणीतरी लिहून टाकलं, 'बँक खात्यावर सही करण्याचा हक्क सचिवास राहील'. तीन वर्षांनी सचिव बदलायची वेळ आली तं ते गृहस्थ ठरावाचं रजिस्टर उघडून उभे, त्या ओळीवर बोट ठेवून, "हक्क हाये म्हून लेयलं हाये अठी, तुमी काहून काहाडता?" दोन सभा त्यातच गेल्या. मी म्हणत होतो की दादा, सही हे सोपवलेलं काम आहे, सभेनं दिलं, सभा परत घेऊ शकते. पण रजिस्टरमधला शब्द त्यांच्या बाजूनं बोलत होता. तेव्हापासून मी ठराव लिहिताना हा एक शब्द दोनदा पाहतो.

आता पेपरातल्या बातमीकडं येऊ. संस्था स्थापन करणं हा हक्क आहे, संविधानाच्या कलम १९(१)(ग) मधला, नागरिकांचा. सरकारकडं जे असते ते अधिकार, कार्यकारी अधिकार, आणि तो संविधानातून नाहीतर कायद्यातून येतो. भांडण नेहमी याच धुऱ्यावर होते की सरकारचा अधिकार कुठं संपतो आणि लोकांचा हक्क कुठून सुरू होतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो व्ही. जी. राव यांचा खटला. मद्रासमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था होती, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, म्हणजे ताई, तुमचं मंडळ ज्या कायद्याखाली आहे त्याच. १९५० मध्ये मद्रास सरकारनं एक आदेश काढला आणि संस्थाच बेकायदेशीर ठरवली. कायदा असा होता की सरकारच्या मते संस्था धोक्याची असली की बस, ते मत बरोबर का चूक हे कोर्टानं तपासायची सोयच नाही, फक्त एक सल्लागार मंडळ कागद पाहणार. ३१ मार्च १९५२ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम अवैध ठरवलं. आता हेच दोन शब्द लावून वाचा. अधिकार सरकारजवळ होता, कायद्यानंच दिलेला, पण नुसत्या 'आमच्या मते' या दोन शब्दांवर लोकांचा हक्क मोडता येत नाही. 'सरकारचा अधिकार आणि संस्थेचा अधिकार' असं लिहिलं असतं तं बरोबरीच्या दोघांची ओढाताण वाटली असती. तसं ते नव्हतंच.

भाषेच्या माणसांनी तर दमयंती नारंगा खटलाही माहीत ठेवावा, कारण तो हिंदी साहित्य संमेलन या संस्थेचा आहे. १९६२ मध्ये संसदेनं कायदा करून त्या संस्थेची रचनाच बदलली, बाहेरचे सभासद आत आणले. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला, संस्था बांधायच्या हक्कात ती आपल्या माणसांची राहू द्यायचा हक्कही येतो म्हणून.

विदेशी देणगीचं मात्र वेगळं आहे आणि इथंच पेपरातला शब्द गोंधळ घालतो. २०२० मध्ये विदेशी देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, कडक केला, एका संस्थेनं ती देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, कारभारी खर्च २० टक्क्यांच्या वर नाही, पहिले ५० चालत होता, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला पाहिजे. इकडच्या एखाद्या तालुक्यातल्या संस्थेचा पैसा असला तरी खातं दिल्लीतच. संस्था कोर्टात गेल्या. ८ एप्रिल २०२२ ला नोएल हार्पर खटल्यात तीन न्यायमूर्तींनी दुरुस्त्या बहुतेक कायम ठेवल्या आणि म्हटलं की विदेशी देणगी घेण्याचा निरंकुश हक्क कोणाचाच नाही. मराठीत लिहायचं तर 'हक्क नाही' असं लिहायला पाहिजे होतं. 'अधिकार नाही' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटते देणगी घेणंच बंद. बंद नाही, नोंदणी असली की घेता येते, ती पाच वर्षांची असते, पण ती झाली परवानगी. म्हणजे हा तिसराच शब्द, आणि परवानगीला हक्क समजणं जेवढं चूक तेवढंच हक्काला परवानगी समजणं. त्याच निकालात आधारच्या सक्तीचं कलम कोर्टानं आवळून वाचलं, म्हणजे त्याचा अर्थ मर्यादित केला, आणि पदाधिकाऱ्यांना भारतीय पासपोर्ट दाखवायची मोकळीक दिली, ते बातमीच्या मथळ्यात येत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२० मध्ये, इन्साफ या संस्थेच्या खटल्यात आणखी एक झालं. विदेशी देणगीच्या नियमाच्या इंग्रजी मजकुरात 'बंद', 'हरताळ', 'रास्ता रोको', 'रेल रोको', 'जेल भरो' हे आपले शब्द जसेच्या तसे बसले होते, असं वारंवार करणारी संस्था राजकीय समजायची आणि तिला विदेशी पैसा नाही. कोर्ट म्हणालं, पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी अशा मार्गाला साथ दिली म्हणून संस्थेला राजकीय म्हणता येणार नाही. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हक्क हातात पण अधिकार दुसऱ्याच्या हातात असला तं काय होते ते पाहायला गडचिरोलीत जावं लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण बांबू विकून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना पाहिजे आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याजवळ, तो मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवशी ग्रामसभेजवळ दोन्ही शब्द आले.

तर ताई, तुमच्या निवेदनाचं. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या मजकुरात आहे, 'समाजमंदिरातील खोली वापरण्याचा आमचा अधिकार असून आपण तो अधिकार नसताना काढला आहे'. यात दोन वेगळे मुद्दे एका शब्दात अडकले. खोली वापरणं ही ग्रामपंचायतीनं दिलेली परवानगी होती, ठराव क्रमांक आणि तारीख टाकून तसंच लिहा, हक्क म्हणू नका, तो टिकणार नाही. म्हणणं न ऐकता ती काढू नये हा मात्र तुमचा हक्क आहे, तिथं हाच शब्द ठासून लिहा. आणि नोटिशीवर ज्याची सही आहे त्याला विचारा की कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमानं हा अधिकार मिळाला. मी असं लिहिलं असतं:

'सदर खोली वापरण्याची परवानगी ग्रामपंचायतीच्या ठरावाने मिळालेली आहे. ती रद्द करण्यापूर्वी आमचे म्हणणे मांडण्याचा आमचा हक्क आहे व तो डावलला गेला आहे. ही नोटीस कोणत्या अधिकारात काढली ते लेखी कळवावे.'